टर्कीच्या हाकेला ओ

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात एप्रिलमधला एक शनिवार-रविवार फक्त मुलांचा असतो. वय वर्षं ६ ते १५. पहाटे साडेचारला उठायचं, झाडीच्या रंगाचे कपडे घालायचे, अंधारात जंगलात शिरायचं, एखाद्या जाड बुंध्याला पाठ टेकून बसायचं आणि रानटर्कीच्या नराची वाट बघायची. सोबत जाणकार मोठं माणूस असतं, पण शिकार करायची ती मुलानेच. मोठ्यांचा हंगाम त्यानंतर आठवडाभराने सुरू होतो. बऱ्याच राज्यांत असा 'युथ वीकेंड' असतो, तारखा तेवढ्या वेगळ्या.

मी या राज्यात नऊ वर्षं राहतोय. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी जी प्रतिक्रिया झाली, तीच बहुधा तुमची आत्ता झाली असेल. ज्या देशात शाळांमध्ये 'गोळीबार झाला तर काय करायचं' याची कवायत होते, तिथे सहा वर्षांच्या मुलाच्या हातात सरकारच्या आशीर्वादाने बंदूक? प्रश्न रास्त आहे आणि तो या लेखात सुटणार नाही. पण हा वीकेंड आला कुठून, याचा माग काढत गेलो तेव्हा शंभर वर्षांची एक अजब गोष्ट हाती लागली. त्यात बंदुकीपेक्षा जास्त जागा जाळ्यांना, करांना आणि आईविना वाढलेल्या पिल्लांना आहे.

आधी पक्ष्याची ओळख. शिकाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात टर्कीच्या बाबतीत एक नियम घोकून घेतात: लाल, पांढरं आणि निळं काहीही अंगावर नको. मोजेसुद्धा नकोत. कारण वसंतात माजावर आलेल्या नराचं डोकं आणि मान नेमकी याच तीन रंगांची होते. झाडीतून दुसऱ्या शिकाऱ्याला तुमच्या बनियनची पांढरी कड दिसली तर तो तिला टर्की समजू शकतो. असे अपघात झालेले आहेत.

हेच रंग आपल्याकडे चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी टिपून ठेवलेत. १६१२ साली जहांगीराचा सरदार मुकर्रबखान गोव्याहून पोर्तुगिजांकडच्या नवलाईच्या वस्तू आणि प्राणी घेऊन दरबारात गेला. त्यात एक टर्की होता. बादशहाने आपल्या आठवणींत त्याच्यावर चांगला परिच्छेद खर्च केलाय: डोकं कधी पोवळ्यासारखं लाल, कधी कापसासारखं पांढरं, कधी फिरोजी, सरड्यासारखे रंग बदलणारं. दरबारी चित्रकार मन्सूरने त्याचं चित्र काढलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. इंटरनेटवर शोधा, लगेच सापडेल. पिसांवरची तांब्याची झाक बघण्यासारखी आहे.

जाता जाता नावाची गंमत. पक्षी अस्सल अमेरिकेचा. इंग्रजांना वाटलं तुर्कस्तानातून आला, म्हणून 'टर्की'. तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात, म्हणजे आपल्याकडचा. फ्रेंच नावातही हिंदुस्थानच आहे. आणि पोर्तुगीज त्याला म्हणतात 'पेरू'. थोडक्यात, ज्याने त्याने तो दुसऱ्याच्या गळ्यात मारला.

गोव्यात उतरला तो मेक्सिकोत माणसाळवलेल्या जातीचा. आपली गोष्ट त्याच्या रानातल्या भावंडांची आहे. ही भावंडं पूर्व अमेरिकेच्या जंगलांत अमाप होती. मग गोरे वसाहतवाले आले, जंगलं तोडून शेतं झाली आणि शिकारीचा माल पिंपात भरून शहरात विकायचा धंदा सुरू झाला. हंगाम नाही, मर्यादा नाही, पिल्लंवाली मादी असो की अंड्यावरची. मॅसॅच्युसेट्समधला शेवटचा रानटर्की १८५१ साली मारला गेला. १९२० पर्यंत, मुळात जिथे हा पक्षी होता अशा ३९ राज्यांपैकी १८ राज्यांतून तो नाहीसा झाला. मिसुरीत ओझार्कच्या डोंगरांमधली झाडं कारखान्यांनी सपाट केली आणि उरलेल्या रानात मोकाट डुकरं चरत होती. टर्की उरले ते दुर्गम खोऱ्यांत, जेमतेम काही हजार.

मिसुरीने उपाय केला, तो कुणालाही पटेल असाच होता. टर्कीची अंडी पिंजऱ्यात उबवायची, पिल्लं वाढवायची आणि रानात सोडायची. १९२५ ते १९४३ या काळात सरकारी पक्षीपालन केंद्रांतून १४ हजारांच्या आसपास टर्की सोडले गेले. इतर राज्यांनीही हेच केलं. पैसा गेला, वर्षं गेली आणि पक्षीही गेले. कोल्ह्यांनी, रकूनांनी, घुबडांनी त्यांच्यावर ताव मारला. काही तर जवळच्या शेतघराच्या अंगणात जाऊन कोंबड्यांबरोबर दाणे टिपू लागले.

हे असं का होतं, हे शोधायला ओझार्कच्या रानात एक तरुण संशोधक हिंडत होता. नाव स्टार्कर लिओपोल्ड. त्याचे वडील आल्डो लिओपोल्ड म्हणजे अमेरिकेतल्या वन्यजीव व्यवस्थापनशास्त्राचे जनकच. वडील पट्टीचे शिकारी, मुलाला शिकार त्यांनीच शिकवलेली. स्टार्करने अस्सल रानटर्की आणि पाळीव रक्ताची भेसळ असलेले टर्की यांची तुलना केली आणि १९४४ साली ती प्रसिद्ध केली. रानातली मादी धोक्याचा आवाज काढते त्या क्षणी तिची पिल्लं पांगतात आणि पाचोळ्यात दगडासारखी निपचित पडून राहतात. संकरित पिल्लं गोंधळतात, इकडेतिकडे पळत सुटतात. स्टार्करला शरीरातही फरक सापडले: रानटर्कीचा मेंदू आणि काही ग्रंथी तुलनेने मोठ्या. म्हणजे रानटीपणा काही अंशी रक्तातच असतो, असं त्याचं म्हणणं. पण जे रक्तात आहे तेही आईच्या आवाजावाचून जागं व्हायचं कसं? पिंजऱ्यातल्या पिल्लाला घुबडाची सावली म्हणजे काय हे कुणी सांगितलेलंच नसतं.

तेव्हा उरला एकच मार्ग: रानातलेच पक्षी पकडून दुसऱ्या रानात नेऊन सोडायचे. पण टर्की पकडणं महाकर्मकठीण. त्याची नजर इतकी तेज की पन्नास पावलांवरून तुम्ही पापणी हलवलीत तरी त्याला कळावं. इथे मदतीला आलं तोफजाळं. जमिनीवर मका पसरायचा, बाजूला घडी घातलेलं मोठं जाळं आणि त्याला जोडलेल्या छोट्या तोफा लपवायच्या, पक्षी टिपायला आले की लांबून बटण दाबायचं. जाळं थव्यावरून उडत जाऊन पडतं. हे तंत्र मुळात पाणपक्ष्यांसाठी निघालं होतं. १९५१ साली दक्षिण कॅरोलिनात ते रानटर्कींवर पहिल्यांदा यशस्वी झालं.

मिसुरीने १९५४ पासून हा धडाका लावला. पाच-पंचवीस पक्षी पकडायचे, खोक्यात घालायचे, दुसऱ्या जिल्ह्यात सोडायचे आणि काही वर्षं तिथे कुणाला बंदूक लावू द्यायची नाही. १९६० च्या एप्रिलमध्ये राज्याने शिकार पुन्हा उघडली. तीन दिवस. सगळे मिळून ९४ नर मारले गेले. मग राज्याराज्यांत देवाणघेवाण सुरू झाली. मिसुरीने केंटकीला टर्की दिले आणि बदल्यात पाणमांजरं घेतली, अगदी गावच्या बाजारात व्हावा तसा व्यवहार. मॅसॅच्युसेट्सने १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्ककडून ३७ पक्षी आणले. आज तिथे त्यांचे वंशज हजारोंनी आहेत आणि बॉस्टनच्या उपनगरांत ते सकाळी रस्ता अडवून गाड्यांच्या चकचकीत दारांतल्या आपल्याच प्रतिबिंबाशी भांडतात. देशभरातला आकडा चालू शतकाच्या सुरुवातीला ७० लाखांच्या आसपास पोचला.

आता पैशाची गोष्ट, आणि इथेच मुलं चित्रात येतात. १९३७ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी पिटमन-रॉबर्टसन कायद्यावर सही केली. बंदुका आणि काडतुसांवर एक कर आधीपासून होता. या कायद्याने तो सरकारी तिजोरीच्या सामान्य खात्यातून काढून वन्यजीवांसाठी राखून ठेवला. लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर ११ टक्के. पैसा राज्यांना वाटताना दोन गोष्टी बघतात: राज्याचं क्षेत्रफळ आणि पैसे भरून शिकारीचा परवाना काढलेल्यांची संख्या. ही दुसरी अट नीट लक्षात घ्या. शिकारी कमी झाले की परवान्याचे पैसे कमी होतात, शिवाय केंद्राकडून येणारा वाटाही घसरू शकतो. त्यातूनच जंगलखात्याचे जीवशास्त्रज्ञ, जमीन आणि जाळी येणार असतात. हरणांचा, टर्कींचा, बदकांचा सांभाळ त्यांना मारणाऱ्यांच्या खिशातून होतो, अशी ही रचना.

मिसुरी इथे जरा वेगळं आहे आणि मला ते आवडतं. १९७६ साली इथल्या मतदारांनी विक्रीवर एक टक्क्याचा आठवा भाग एवढा जादा कर स्वतःहून मंजूर केला, तो फक्त निसर्गरक्षणासाठी. मी दूध-अंडी घेतो तेव्हा माझ्याही खिशातून टर्कीसाठी चार पैसे जातात. तरी परवान्यांवरची भिस्त इथेही सुटलेली नाही.

आणि शिकारी तर आटत चाललेत. केंद्र सरकारच्या पाहणीत २०११ साली देशात १ कोटी ३७ लाख लोक शिकारीला गेले होते. २०१६ साली १ कोटी १५ लाख. पाच वर्षांत २२ लाख गायब. गावं रिकामी झाली, पोरं शहरात गेली, शनिवारी फुटबॉलची प्रॅक्टिस असते आणि खिशात फोन असतो. शिकार ही पुस्तकातून शिकायची गोष्ट नाही. आजोबांनी बापाला आणि बापाने पोराला नेलं तरच ती पुढे जाते. एक पिढी तुटली की पुढच्या पिढीत कुणी आपणहून बंदुकीच्या दुकानात जाऊन 'मला टर्कीची शिकार शिकवा' म्हणत नाही. हे खात्यांच्या लक्षात आलं आणि नव्वदच्या दशकापासून मुलांसाठी वेगळे दिवस निघाले. आधी बदकांसाठी, १९९६ साली, केंद्राच्या परवानगीने. मग टर्कींसाठी. मिसुरीतला मुलांचा वसंत हंगाम २००१ पासूनचा.

मुद्दाम वसंतच का? कारण वसंतात टर्की बोलतो. हरणाच्या शिकारीत मुलाला थंडीत तासन् तास गप्प बसावं लागतं. इथे संवाद आहे. नर पहाटे झाडावरूनच आरोळी ठोकतो, मादीने आपल्याकडे यावं म्हणून. शिकारी मादीचा आवाज काढतो आणि नराला आपल्याकडे बोलावतो. म्हणजे निसर्गाचा क्रम उलटा करायचा असतो, आणि म्हणूनच तो दहापैकी आठ वेळा फसतो. आवाजाची साधनं जुनी आहेत. आर्कान्सामधल्या हेन्री गिब्सनने १८९७ साली पेटंट घेतलेली लाकडी पेटी आजही जवळजवळ तशीच मिळते: लांबट डबी, वर हलणारं झाकण, खडू लावून घासलं की मादीची हाक निघते. सहा वर्षांच्या मुलालाही दहा मिनिटांत जमते.

दुसरं कारण जीवशास्त्राचं. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, पण अंडी उबवण्यात आणि पिल्लं वाढवण्यात त्याचा काही हात नसतो. माद्यांचं जुळून गेल्यावर काही नर कमी झाले तरी पुढच्या पिढीवर फारसा परिणाम होत नाही, असा हिशोब. म्हणून वसंतात फक्त छातीवर 'दाढी' असलेला पक्षी मारायचा, आणि मुलांच्या वीकेंडला तोही एकच. 'माद्यांचं जुळून गेल्यावर' हे शब्द लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत यायचंय.

मी असा एक वीकेंड जवळून पाहिला. शेजारी आणि त्याची अकरा वर्षांची मुलगी यांच्या मागे, एका ओकच्या झाडाआड, डोक्यावर जाळीचा बुरखा घेऊन. अट एकच: हलायचं नाही आणि बोलायचं नाही. ती दोन वर्षं मातीच्या थाळ्यांवर नेमबाजी शिकत होती. सहाच्या सुमारास डोंगराच्या पलीकडून पहिली आरोळी आली आणि माझ्या पाठीवर काटा आला, हे खरं सांगतो. बापाने पेटीवर तीन हाका काढल्या आणि पेटी खाली ठेवली. जास्त हाका मारायच्या नसतात. पाऊण तास काही नाही. मग डावीकडून आधी लाल डोकं दिसलं, मग सगळा पक्षी, पिसारा पंख्यासारखा उघडलेला. मुलगी नळी इतकी सावकाश वळवत होती की मला तिच्या दंडांची कीव आली. तीस पावलं. आता बार होणार म्हणून मी श्वास धरला, आणि बार झालाच नाही. नर दोन मिनिटं मिरवला आणि ओढ्यात उतरून गेला.

"मागे मादी होती, डॅड," ती म्हणाली. मला दिसली नव्हती. बापाला दिसली होती. तो एवढंच म्हणाला, "मलाही दिसली." छर्रे पसरतात. नेम डोक्यावर असला तरी मागे काय आहे ते आधी बघायचं, हा पहिल्या दिवशीचा धडा. सॉसेज घातलेले पाव तिथेच खाल्ले आणि दहा वाजता घरी आलो. मला मारलेला पक्षी बघावा लागला नाही याचं बरं वाटलं. मी कोंबडी खातो, पण कापताना मात्र तोंड फिरवतो. त्या मुलीला यातली पळवाट मान्य नसावी. तिचे वडील मारलेला पक्षी तिच्याकडूनच सोलून घेतात.

त्या सकाळी मला आपल्याकडचे फासेपारधी आठवत होते. तितराला तितराच्या आवाजात बोलवायची कला पिढ्यान्पिढ्या बापाकडून पोराकडे गेलेली. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने अशा कितीतरी जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. १९५२ साली तो शिक्का कागदावरून पुसला गेला, पोलिस चौकीतून गेला असं त्यांच्या वस्त्यांवर कुणी म्हणणार नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली. त्या कायद्याची गरज होती, तो नसता तर माळढोकासारखे पक्षी केव्हाच संपले असते. पण पक्ष्यांची भाषा येणाऱ्या त्या माणसांना जंगल राखायच्या कामात घ्यावं, हे फार थोड्या ठिकाणी सुचलं. मिसुरीत तेच ज्ञान सरकार वर्ग भरवून शिकवतं. फरक ज्ञानात नाही, ते कुणाकडे आहे त्यात आहे.

आता त्या राखून ठेवलेल्या शब्दांकडे. गेल्या वीसेक वर्षांत टर्कींचा आकडा पुन्हा घसरतोय, विशेषतः आग्नेयेकडच्या राज्यांत. मिसुरीत २००४ च्या वसंतात ६० हजारांच्या आसपास पक्षी मारले गेले होते. २०२१ साली तो आकडा ३५ हजारांच्या आसपास आला. कारणं एकात एक गुंतलेली आहेत: घरटी करायला लागणारी झुडपं आणि गवत कमी, अंडी खाणारे रकून आणि पोसम जास्त, ऐन वेळी थंड पाऊस. मादीमागे जगणारी पिल्लं कमी झालीत, हे सगळ्यांना मान्य आहे. वाद आहे तो तारखांवर. जॉर्जिया विद्यापीठातले मायकेल चेंबरलेन आणि त्यांच्यासारखे संशोधक म्हणतात की हंगाम फार लवकर उघडला, तर माद्यांचं जुळून व्हायच्या आतच कळपातले दादा नर मारले जातात आणि सगळी घडी विस्कटते. जॉर्जियाने २०२२ पासून हंगाम आठवडाभर पुढे ढकलला आणि प्रत्येकी मर्यादा तीनवरून दोनवर आणली. टेनेसीने २०२३ मध्ये तो दोन आठवडे ढकलला.

आणि मुलांचा वीकेंड मुख्य हंगामाच्याही आधी असतो. मुद्दाम ठेवलाय तसा, कारण तेव्हा पक्षी अजून बिचकलेले नसतात, हाकेला ओ देतात आणि मुलाला पहिल्याच खेपेला काहीतरी दिसतं. त्या दोन दिवसांत मिसुरीत साधारण अडीच हजार पक्षी मारले जातात, एकूण वसंत शिकारीच्या मानाने थोडेच. 'एवढ्याने काय होतंय' म्हणणारे आहेत आणि 'मग तारीख मागे घ्यायला काय हरकत आहे' म्हणणारेही. मला दुसऱ्यांचं जास्त पटतं. मुख्य हंगामातला मधलाच एखादा वीकेंड मुलांसाठी राखून मोठ्यांना घरी बसवता येईल. पण ज्या मोठ्यांच्या परवान्यावर खातं चालतं, त्यांना ऐन हंगामात घरी बसा म्हणायला खातं कचरतं, आणि मुलाला रिकाम्या हाताने परत पाठवायलाही. पोर एकदा कंटाळलं की पुन्हा यायचं नाही, ही धास्ती खरी आहे.

चेंबरलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रानात झाडांवर रेकॉर्डर लावून ठेवले होते. रोज पहाटे आपोआप सुरू होणारे, आरोळ्या मोजण्यासाठी. शिकारीचा हंगाम उघडला की आरोळ्या कमी होतात, असं त्यात आढळलं. काही नर मेलेले असतात. जे उरतात ते ऐकतात, पण उत्तर देत नाहीत, आणि मोठ्यांचा हंगाम म्हणजे बराचसा या गप्प पक्ष्यांच्या मागे फिरणं. झाडांवरून दणदणीत ओ येते ती आधीच्या त्या दोन पहाटांना, आणि तेव्हा खाली बुंध्याला टेकून मुलं बसलेली असतात.